जागतिक प्रवाह आणि नगरमध्याचे परिवर्तन : मुंबईच्या गिरणगावाचा ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

कोणत्याही शहराच्या मध्यभागी कोण राहते, तेथे कोणता व्यवसाय चालतो आणि तेथील जमीन कोणाच्या ताब्यात असते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरून त्या शहराचा इतिहास बऱ्याच अंशी वाचता येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातील अनेक औद्योगिक शहरांत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच वेळी बदलली. कारखाने व गोद्या बंद पडल्या, श्रमिकांची वस्ती विरळ झाली आणि त्या जागी वित्तसंस्थांची कार्यालये, विक्रीसंकुले व उंची निवासी इमारती आल्या. लंडनमधील श्रमिक वस्त्यांत मध्यमवर्ग शिरू लागल्याचे पाहून समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये या प्रक्रियेला 'जेंट्रिफिकेशन' असे नाव दिले. मराठीत त्यास 'वस्तीचे उच्चभ्रूकरण' म्हणता येईल. पुढे सास्किया सासेन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'द ग्लोबल सिटी' या ग्रंथात न्यूयॉर्क, लंडन व टोकियो या शहरांच्या आधारे जागतिक वित्तव्यवहार मोजक्या नगरांत कसे एकवटतात याचे विवेचन केले. लंडनच्या जुन्या गोदी परिसरासाठी १९८१ मध्ये स्वतंत्र विकास महामंडळ स्थापन झाले आणि दहा वर्षांच्या आत तेथे कॅनरी व्हार्फचे मनोरे उभे राहिले, हे या परिवर्तनाचे ठळक उदाहरण होय.

मुंबईतील लालबाग, परळ, लोअर परळ, वरळी, नायगाव, शिवडी, चिंचपोकळी व भायखळा या भागास मराठी माणूस 'गिरणगाव' म्हणून ओळखतो. भौगोलिकदृष्ट्या हा मुंबई बेटाचा मध्यभाग आहे. येथील सुमारे ६०० एकर गिरणीजमिनीचे रूपांतर ही लंडन-न्यूयॉर्कच्याच प्रक्रियेची भारतीय आवृत्ती आहे, असे सामान्यतः सांगितले जाते. हे विधान अपुरे आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. जागतिक प्रवाहांनी गिरणी बंद पाडली हे मान्य केले, तरी बंद पडलेल्या गिरणीच्या जमिनीचे काय करावयाचे हा निर्णय जागतिक बाजाराने घेतलेला नाही. तो मुंबईतच घेतला गेला आणि त्याची भाषा कायद्याची होती.

२. उद्दिष्टे, गृहीतक व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) मुंबईच्या मध्यभागाच्या घडणीवर एकोणिसाव्या शतकापासून जागतिक अर्थव्यवहाराचा झालेला परिणाम तपासणे.
२) १९८२ च्या संपानंतर गिरणीजमिनीच्या वापरात झालेल्या बदलांची कारणमीमांसा करणे.
३) या बदलांत स्थानिक नियमांची व शासकीय निर्णयांची भूमिका स्पष्ट करणे.

'जागतिक प्रवाह नगराच्या मध्यभागी पोहोचतात ते स्थानिक नियमांच्या वाटेने. त्यामुळे लाभ व हानी यांची वाटणी प्रामुख्याने स्थानिक पातळीवर ठरते' हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित ग्रंथ, विकास नियंत्रण नियमावली, न्यायालयीन निर्णय व जनगणनेचे आकडे यांचा आधार घेतला आहे.

३. कापूस, युद्ध आणि कोटाच्या भिंती

जागतिकीकरण ही १९९१ नंतरची घटना आहे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. मुंबईच्या इतिहासाला ती लागू पडत नाही. या शहराच्या मध्यभागाची पहिली मोठी पुनर्रचनाच एका परदेशी युद्धामुळे झाली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. त्यामुळे अमेरिकी कापसाचा पुरवठा तुटला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची मदार भारतीय कापसावर आली. कापसाचे भाव भडकले, मुंबईत पैशाचा पूर आला, नव्या बँका व समुद्र भरावाच्या कंपन्या निघाल्या. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्याच्या पर्वातील सर्वांत प्रसिद्ध नाव होय. युद्ध संपताच १८६५ मध्ये हा डोलारा कोसळला आणि अनेक पेढ्या बुडाल्या.

पैसा बुडाला, तरी त्या काळात घेतलेले नगरविषयक निर्णय टिकून राहिले. गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत (१८६२–१८६७) कोटाच्या तटभिंती पाडण्यात आल्या. त्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेवर पुढील दशकांत सचिवालय, उच्च न्यायालय व विद्यापीठ यांच्या भव्य इमारती उभ्या राहिल्या. विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्याला प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीमुळे त्यांच्या मातोश्रींचे नाव लाभले. म्हणजे ज्या इमारतींच्या समूहाचा २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यातील महत्त्वाच्या वास्तूंच्या मुळाशी कापसाची तेजी आणि तट पाडण्याचा शासकीय निर्णय या दोन्ही गोष्टी आहेत. तेजी जगाने दिली. तट पाडून झालेली जागा सार्वजनिक इमारतींसाठी आणि मैदानांसाठी राखावी हे मात्र स्थानिक सत्तेने ठरविले. ही सत्ता वसाहतवादी होती आणि तिची निवड साम्राज्याच्या वैभवासाठी होती, हे विसरता येणार नाही. तथापि जमिनीच्या वापराबाबत निवड करता येते आणि ती दीर्घकाळ टिकते, एवढे या उदाहरणावरून दिसून येते.

४. गिरणगावाची घडण

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये 'बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी' स्थापन केली आणि ताडदेव येथील त्यांची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावू लागली होती. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्याने युरोपशी अंतर घटले. मुंबईचे सूत चीनच्या बाजारपेठेत मोठ्या प्रमाणात जाऊ लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरातील गिरण्यांची संख्या ८० च्या घरात गेली. गिरण्यांना लागणारी विस्तीर्ण जागा कोटाच्या परिसरात मिळणे शक्य नव्हते. त्यामुळे त्या त्यावेळच्या शहराच्या उत्तर सीमेवर, परळ-लालबागच्या बाजूस वसल्या. शहर पुढे उत्तरेस वाढत गेले आणि एकेकाळची सीमा शहराचा मध्य झाली. या जमिनीचे पुढील भवितव्य समजण्यासाठी ही बाब महत्त्वाची आहे. त्यातही काही गिरण्यांच्या जमिनी शासनाकडून किंवा महानगरपालिकेकडून भाडेपट्ट्याने मिळालेल्या होत्या.

गिरण्यांतील कामगार प्रामुख्याने रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर व पुणे या जिल्ह्यांतून आले. मुकादमाच्या ओळखीने काम मिळे, गावच्या मंडळाच्या खोलीत अंथरूण टाकण्यापुरती जागा मिळे आणि खानावळीत जेवण मिळे. घराच्या नावाखाली मिळणारा दहा-बारा फुटी गाळा अनेकजण पाळीपाळीने वापरत. साचेखात्यात व त्रासनखात्यात काम करणाऱ्या या कामगाराचे एक पाऊल गावात होते आणि शेतीच्या हंगामाला तो परत जात असे. १८९६ च्या प्लेगने या वस्त्यांची दुरवस्था उघड केली. त्यानंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि १९२० मध्ये निर्माण झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. याच त्या बीडीडी चाळी होत.

इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी गिरणगावातील वस्ती व गिरणी यांचा संबंध तपशिलाने मांडला आहे. संपाच्या काळात वाण्याची उधारी, खानावळवालीचा समजूतदारपणा, घरमालकाने थकीत भाड्याबाबत दाखविलेला धीर आणि गावाकडून येणारे धान्य यांच्या आधारावर कामगार महिनोन् महिने तग धरीत. १९२८ चा सहा महिन्यांचा संप या आधाराशिवाय शक्य झाला नसता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० च्या दशकात उभारलेल्या संघटनेपासून गिरणी कामगार युनियनपर्यंतची चळवळ, शाहीर अमर शेख व अण्णा भाऊ साठे यांचे पोवाडे व लावण्या, परळचे दामोदर हॉल, लालबागचा १९३४ पासूनचा सार्वजनिक गणेशोत्सव, नारायण सुर्वे यांची कविता आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा या सर्वांची भूमी एकच होती. खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेही येथेच. तात्पर्य, गिरणगावात कामाची जागा, राहण्याची जागा आणि सार्वजनिक जीवनाची जागा परस्परांत गुंफलेल्या होत्या. त्यामुळे गिरणी बंद पडण्याचा परिणाम केवळ रोजगारापुरता मर्यादित राहणे शक्य नव्हते.

५. संप आणि गिरण्यांचा अस्त

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. वेतनवाढ व बोनस यांबरोबरच १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याचा प्रश्नही संपाच्या केंद्रस्थानी होता. या कायद्यान्वये एका उद्योगात एकाच संघटनेला प्रातिनिधिक मान्यता मिळत असे आणि वस्त्रोद्योगात ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. संप औपचारिकरीत्या मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. १९८३ मध्ये केंद्र शासनाने मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडील मुंबईच्या गिरण्यांची संख्या अशा रीतीने २५ पर्यंत पोहोचली.

गिरण्या संपामुळे बंद पडल्या, हे मत अद्यापही ऐकू येते. त्यातील तथ्यांश मान्य करूनही काही दीर्घकालीन कारणे लक्षात घ्यावी लागतात. दुसऱ्या महायुद्धानंतर मालकांनी नफ्याच्या प्रमाणात यंत्रसामग्रीचे नूतनीकरण केले नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर कमी मजुरीत कापड निघू लागले आणि १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने या विकेंद्रीकरणास अधिक वाव दिला. कृत्रिम धाग्याचा प्रसार झाला. जागतिक व्यापारात वस्त्रांचे कोटे ठरविणारा बहुतंतू करार व त्याची पुढील व्यवस्था १ जानेवारी २००५ रोजी संपुष्टात आली आणि स्पर्धा तीव्र झाली. जगातील मँचेस्टरसारख्या जुन्या वस्त्रनगरांची वाट मुंबईनेही चोखाळली, असे या अर्थाने म्हणता येईल.

मुंबईचे वेगळेपण यापुढे सुरू होते. येथे बंद गिरणीची किंमत चालू गिरणीपेक्षा अधिक झाली. गिरणी ज्या जमिनीवर उभी होती तिचा भाव वाढू लागला, तसतसे उत्पादन चालू ठेवण्याचे कारण क्षीण होत गेले. या जमिनीभोवती गुन्हेगारीचेही सावट पडले. खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांची १९९४ मध्ये आणि डॉ. दत्ता सामंत यांची १९९७ मध्ये हत्या झाली. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकाने याच काळातील कामगार कुटुंबाची घुसमट रंगभूमीवर आणली.

६. नियम ५८ : जमिनीची वाटणी

१९९१ मध्ये देशाने आर्थिक उदारीकरणाचा मार्ग स्वीकारला. त्याच वर्षी बृहन्मुंबईची नवी विकास नियंत्रण नियमावली अमलात आली. तिच्यातील नियम ५८ गिरणीजमिनीसंबंधी होता. गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करावयाचा असल्यास स्थूलमानाने एक-तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महानगरपालिकेला, एक-तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली एक-तृतीयांश मालकाला, असे त्याचे सूत्र होते. सूत्र तत्त्वतः न्याय्य होते. परंतु गिरणीच्या जुन्या बांधकामाचा वापर बदलण्यास मुभा असल्याने जमीन न वाटता व्यवसाय बदलण्याची वाट मोकळी राहिली. पुष्कळ मालकांनी तीच पत्करली.

१९९६ मध्ये राज्य शासनाने वास्तुविशारद चार्ल्स कोरिआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. गिरण्यांचे भूखंड सुटे सुटे न पाहता त्यांचा एकत्रित विचार व्हावा, रस्ते, मोकळ्या जागा व रेल्वे स्थानकांचा परिसर यांची सुसूत्र आखणी व्हावी, अशी समितीची दृष्टी होती. ती प्रत्यक्षात आली नाही.

२००१ मध्ये नियम ५८ मध्ये दुरुस्ती करण्यात आली. वाटणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ 'मोकळ्या' जमिनीची, म्हणजे ज्यावर बांधकाम नव्हते तेवढ्याच भागाची व्हावी, असा तिचा आशय होता. गिरणीच्या आवारात शेड, गोदामे व कार्यालये यांनीच बहुतेक जागा व्यापलेली असे. त्यामुळे महानगरपालिका व म्हाडा यांच्या वाट्याला येणारा हिस्सा अत्यंत घटला. 'मोकळी जमीन' या दोन शब्दांच्या व्याख्येने शेकडो एकरांचा प्रश्न सुटला किंवा बिघडला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. या दुरुस्तीविरुद्ध दाखल झालेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये याचिकाकर्त्यांच्या बाजूने निर्णय दिला. मात्र मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला.

याच सुमारास राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने ज्युपिटर, अपोलो, एल्फिन्स्टन, कोहिनूर क्र. ३ व मुंबई टेक्स्टाइल या पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या आणि त्यातून सुमारे २,००० कोटी रुपये उभे राहिले. बांधकाम विकास क्षेत्रात थेट परकीय गुंतवणुकीचे नियम केंद्र शासनाने २००५ मध्येच शिथिल केले होते. जागतिक भांडवलासाठी दार उघडणे, सार्वजनिक मालकीची जमीन विक्रीस काढणे आणि वाटणीचा नियम मालकास अनुकूल असणे या तीन गोष्टी येथे एकत्र आल्या. तिन्ही निर्णय भारतीय शासनसंस्थांचे होते. यांपैकी दोन जरी वेगळे झाले असते, तरी आजचे परळ वेगळे दिसले असते.

७. बदललेला परिसर

फिनिक्स मिलच्या आवारात खेळ, उपाहारगृहे व दुकाने आली आणि पुढे तेथे प्रसिद्ध विक्रीसंकुल उभे राहिले. कमला मिलच्या आवारात कार्यालये, प्रसारमाध्यमांच्या कचेऱ्या व उपाहारगृहे थाटली गेली. ज्युपिटर, एल्फिन्स्टनच्या जागी काचेचे मनोरे आले. या परिसरात पूर्वीइतकीच, किंबहुना अधिक माणसे रोज कामाला येऊ लागली. फरक एवढाच, की गिरणी कामगार भोंगा वाजल्यावर चाळीतून चालत गिरणीत पोहोचत असे. नवा नोकरदार विरार, कल्याण, पनवेलकडून रेल्वेने येतो. गिरणीकाळात वस्ती व कामाची जागा यांत चालण्याइतके अंतर होते, म्हणून स्थानके व पूल छोटे असूनही चालून जात होते. जमिनीचा वापर बदलला, तेव्हा ही जुनी व्यवस्था मात्र तशीच राहिली.

याचा परिणाम २९ सप्टेंबर २०१७ रोजी दिसला. एल्फिन्स्टन रोड व परळ या स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर सकाळच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन २३ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर सैन्यदलाने बांधलेला नवा पूल फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. त्याच वर्षी, २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिल आवारातील उपाहारगृहांस लागलेल्या आगीत १४ जण दगावले. या दोन्ही घटनांची तात्कालिक कारणे निराळी आहेत. तथापि कारखान्यासाठी आखलेल्या जागेत कार्यालये व करमणुकीची केंद्रे दाटीने सामावण्यात आली आणि सार्वजनिक सोयींचा विचार मागे पडला, ही पार्श्वभूमी दोहोंना समान आहे. स्थानकांच्या परिसराचा एकत्रित विचार करण्याची सूचना २१ वर्षांपूर्वीच झाली होती, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

लोकसंख्येचे आकडेही बोलके आहेत. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३,३८,०३१ होती; ती २०११ मध्ये ३०,८५,४११ झाली. म्हणजे दहा वर्षांत साडेसात टक्क्यांहून अधिक घट झाली. या घटीचे एकमेव कारण गिरणीजमिनी नव्हेत. उपनगरांतील घरांची उपलब्धता व जुन्या इमारतींची अवस्था हीदेखील कारणे आहेत. तरीही ज्या दशकात मध्य मुंबईत सर्वाधिक उंच इमारती उभ्या राहू लागल्या त्याच दशकात तेथील माणसे कमी झाली, हा विरोधाभास अभ्यासकाला थांबून विचार करावयास लावणारा आहे.

८. कामगारांच्या घरांचा प्रश्न

गिरणीजमिनीच्या म्हाडाकडे आलेल्या हिश्श्यावर कामगारांसाठी घरे बांधावीत, ही मागणी कामगार संघटनांनी सातत्याने केली. पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये ६,९२५ घरांसाठी निघाली. घराचे क्षेत्रफळ २२५ चौरस फूट होते. अर्जदारांची संख्या मात्र दीड लाखाच्या आसपास होती. २०१६ मध्ये पनवेलजवळील कोन येथील २,४१७ घरांची, तर मार्च २०२० मध्ये बॉम्बे डाइंग व श्रीनिवास मिलच्या जागेवरील ३,८९४ घरांची सोडत झाली. कोनच्या घरांचा ताबा मिळण्यास अनेकांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. २०२४ मध्ये उरलेल्या कामगारांसाठी बदलापूरच्याही पुढे असलेल्या वांगणी व शेलू येथे घरे देण्याची योजना पुढे आली. तिला विरोध करीत, घरे मुंबईतच मिळावीत या मागणीसाठी जुलै २०२५ मध्ये कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानावर एकत्र आले.

या मागणीकडे केवळ भावनिक आग्रह म्हणून पाहणे योग्य होणार नाही. म्हाडाचा हिस्सा १९९१ च्या सूत्रानुसार मिळाला असता, तर मुंबईतच कितीतरी अधिक घरे बांधता आली असती. तेव्हा वांगणी व परळ यांतील अंतर हे २००१ च्या दुरुस्तीने निर्माण केलेले अंतर होय. अनेक मूळ कामगार आज हयात नाहीत. अर्ज त्यांच्या वारसांच्या हाती आहेत. विलंब हाच येथे नकाराचे रूप घेऊ लागला आहे.

९. दोन वेगळी उदाहरणे

'शहराच्या मध्यभागी जमिनीचे भाव चढले की सामान्य माणसाला बाहेर जावेच लागते' असा युक्तिवाद केला जातो. गिरणगावातीलच दोन उदाहरणे त्यास छेद देतात.

पहिले उदाहरण दादरच्या इंदू मिलचे. चैत्यभूमीलगतच्या या गिरणीची जमीन बाजारभावाने विकली जाणे सहज शक्य होते. आंबेडकरी जनतेच्या दीर्घ आंदोलनामुळे ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकासाठी देण्यात आली आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये स्मारकाची पायाभरणी झाली. दुसरे उदाहरण बीडीडी चाळींचे. या चाळी शासकीय मालकीच्या असल्याने त्यांचा पुनर्विकास म्हाडामार्फत हाती घेण्यात आला आणि रहिवाशांना त्याच जागी ५०० चौरस फुटांची घरे देण्याचे ठरले. वरळी येथील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये घरांच्या किल्ल्या मिळाल्या. उंच इमारतींतील देखभाल खर्च ही कुटुंबे किती काळ पेलू शकतील, हा प्रश्न पुढील काळात महत्त्वाचा ठरेल. परंतु लोअर परळच्या मनोऱ्यांच्या शेजारी, त्याच जमीनभावात, जुना रहिवासी टिकू शकतो एवढे यातून सिद्ध झाले. जागतिक बाजार दोन्हीकडे सारखाच होता. जमिनीची मालकी, लोकांची संघटित मागणी आणि शासनाचा नियम यांत फरक होता.

१०. निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) मुंबईच्या मध्यभागाची घडण आरंभापासूनच जागतिक अर्थव्यवहाराशी जोडलेली आहे. १८६० च्या दशकातील कापसाची तेजी, चीनशी असलेला सुताचा व्यापार आणि १९९१ नंतरचे भांडवल हे तिचे क्रमिक टप्पे होत.

२) गिरण्यांचा अस्त व गिरणीजमिनीचे वाटप या दोन स्वतंत्र घटना आहेत. पहिलीमागे जागतिक व तांत्रिक कारणांचा वाटा मोठा आहे. दुसरी प्रामुख्याने विधिनियम, सार्वजनिक मालकीच्या जमिनीची विक्री व न्यायालयीन अन्वयार्थ यांतून घडली.

३) जमिनीच्या वापरातील बदलासोबत स्थानके, रस्ते व मोकळ्या जागा यांचे नियोजन झाले नाही. त्याची किंमत सर्वसामान्य प्रवाशांनी मोजली.

४) इंदू मिल व बीडीडी चाळी यांच्या उदाहरणांवरून पर्यायी निर्णय शक्य असल्याचे स्पष्ट होते.

गिरणगावाची स्मृती जपण्यासाठी काळाचौकी येथील इंडिया युनायटेड मिलच्या जागी वस्त्रोद्योग संग्रहालय उभारण्याची योजना आहे. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी कामगारांच्या मौखिक इतिहासाचे जे मोलाचे संकलन केले, त्याच दिशेने महाविद्यालयीन इतिहास विभागांनीही काम करणे गरजेचे आहे. सोलापूर, अमळनेर, नागपूर, अचलपूर येथेही गिरण्या होत्या आणि त्यांच्या जमिनीही शहरांच्या वस्तीत आहेत. तेथील जमीन अभिलेख, भाडेपट्टे, नगरपालिकांचे ठराव व हयात कामगारांच्या मुलाखती यांचे संकलन विद्यार्थ्यांच्या साहाय्याने करता येण्यासारखे आहे. मुंबईत 'मोकळी जमीन' या शब्दांचा अर्थ बदलला, तेव्हा त्याची दखल फार थोड्यांनी घेतली. इतर शहरांत अशी व्याख्या लिहिली जाण्यापूर्वी त्या जमिनीचा इतिहास लिहून ठेवणे, हे इतिहासाच्या अध्यापकांचे कर्तव्य ठरते.